स्वभक्षणातील ‘स्व’ कोणाचा?

भाषाशास्त्राच्या विभागातून निघणाऱ्या पत्रिकेत यकृताच्या कर्करोगाविषयीचा लेख पाहून वाचकांस नवल वाटेल, आणि ते स्वाभाविकही आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाही. जीवशास्त्राचे त्याचे शिक्षण महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापलीकडे गेलेले नाही. तथापि दोन निमित्तांनी हा विषय त्याच्या वाट्यास आला. पहिले निमित्त परिभाषेचे. जीवशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी आपल्या विषयाच्या मराठी शब्दसूचीसाठी ‘ऑटोफॅजी’ या संज्ञेस प्रतिशब्द मागितला. ‘स्वभक्षण’ हा शब्द त्यांच्या मनात होताच. तो ठेवावा की बदलावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दुसरे निमित्त घरातले आहे, आणि ते सांगितल्यावाचून या लेखाचे प्रयोजन ध्यानी येणार नाही.

माझ्या मामांस कित्येक वर्षांपासून सिरॉसिसचा, म्हणजे यकृतात तंतुमय व्रण साचून ते कठीण व गाठाळ होण्याचा, विकार आहे. गेल्या वर्षी तपासणीत त्यांच्या यकृतात एक लहानशी गाठ आढळली व ती कर्करोगाची ठरली. उपचारांची आखणी चालू असतानाच कोणा हितचिंतकाने त्यांच्या फोनवर एक मजकूर धाडला. २०१६ साली एका जपानी शास्त्रज्ञास नोबेल पारितोषिक मिळाले. उपास केला की शरीर आपल्यातील रोगट पेशी स्वतःच खाऊन टाकते असे त्याने सिद्ध केले. सबब कर्करोग्याने अन्न वर्ज्य करावे म्हणजे गाठ आपोआप खाल्ली जाईल, असा त्याचा आशय होता. मामा जन्मभर एकादशी पाळणारे. उपासाचे त्यांस भय नाही. कोणासही न सांगता त्यांनी तीन दिवस निव्वळ पाण्यावर काढले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांना उभे राहवेना, बोलणे असंबद्ध होऊ लागले, आणि त्यांस रुग्णालयात न्यावे लागले. बरे होऊन घरी आल्यावर त्यांनी मला विचारले, “अरे, तू शब्दांचा अभ्यास करतोस ना? शरीर स्वतःला खाते असे शास्त्रच म्हणते. मग तीन दिवसांत त्याने माझे मांस खाल्ले, ती गाठ का नाही खाल्ली?”

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्यातील चूक शास्त्राच्या अज्ञानात जितकी आहे तितकीच ती एका सामासिक शब्दाच्या अर्थात आहे, असे विषयाचे वाचन करता करता माझे मत बनले. ते येथे मांडावयाचे आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः व ‘फागेइन’ म्हणजे खाणे या दोन ग्रीक घटकांपासून तो बनला आहे. उपाशी प्राणी स्वतःच्याच शरीरावर कसा तग धरतो हे सांगण्यासाठी आन्सेल्मिए या फ्रेंच लेखकाने १८५९ साली तो वापरला होता. पुढे तो विस्मृतीत गेला. आजच्या अर्थी तो रूढ केला बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव यांनी, १९६३ साली लंडन येथे भरलेल्या एका परिषदेत. या दोन प्रयोगांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. १८५९ मध्ये खाणारा आहे प्राणी. १९६३ मध्ये खाणारी आहे पेशी. शब्द तोच राहिला आणि त्यातील कर्ता बदलला. मामांना आलेल्या मजकुराचा लेखक नकळत शंभर वर्षे मागच्या अर्थाने बोलत होता.

कर्ता असा अलगद का बदलू शकला, याचे उत्तर समासाच्या स्वरूपात आहे. क्रियावाचक नामाशी जोडलेले पद कर्त्याचे आहे की कर्माचे, हे पुष्कळदा रूपावरून कळत नाही. ‘वाघाची शिकार’ या शब्दप्रयोगात वाघाने शिकार केली की वाघ मारला गेला, हे संदर्भानेच ठरते. ‘स्वभक्षणा’त ‘स्व’ हे कर्म आहे एवढे उघड आहे. कर्त्याचा मात्र उच्चारच नाही. शिवाय ‘स्व’ हे आत्मवाचक पद स्वतःच्या बळावर काहीच दाखवीत नाही. ‘गोविंदाने केशवाला आपल्या घरी जेवू घातले’ या वाक्यात घर गोविंदाचे, कारण मराठीतील ‘आपला’ वाक्याच्या कर्त्याकडे पाहतो. कर्ता बदला, की घर बदलते. ‘स्वभक्षणा’तील ‘स्व’ कोणाचा, हे कर्ता कोण ते ठरल्याशिवाय सांगता येत नाही. आणि यकृताच्या कर्करोगात नेमका हा कर्ताच मध्यंतरी पालटतो.

आता खुद्द प्रक्रियेकडे वळू. तिचा इतिहास यकृतापासूनच सुरू होतो, हा योगायोग आमच्या विषयास सोयीचा आहे. द द्यूव हे लूवाँ येथे यकृतावर इन्सुलिनचा कसा परिणाम होतो याचा शोध घेत होते. उंदराचे यकृत वाटून त्यातील एका पाचक एंझाइमाचे मोजमाप करता ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले. तेच नमुने शीतपेटीत पाच दिवस राहिल्यावर पुन्हा मोजले, तो आकडा वाढलेला! एंझाइम नाहीसे झालेले नव्हते; ते पातळ पिशव्यांत कोंडलेले होते आणि पिशव्या जीर्ण होऊन फुटल्यावर बाहेर आले होते. या पिशव्यांस १९५५ साली त्यांनी ‘लायसोसोम’ हे नाव दिले. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांस ‘लयकारिका’ म्हणतात, आणि हा प्रतिशब्द मला मुळापेक्षाही सरस वाटतो. पुढे १९६२ साली ॲशफर्ड व पोर्टर यांनी उंदराच्या यकृतास ग्लुकागॉन हे, उपासाच्या वेळी रक्तात वाढणारे, संप्रेरक दिले असता या पिशव्यांत पेशीचेच तुकडे अर्धवट पचलेल्या अवस्थेत आढळले. १९६७ मध्ये डेटर व द द्यूव यांनी हा संबंध पक्का केला.

पेशी स्वतःचा तुकडा खाते म्हणजे काय करते? पेशीद्रव्यात प्रथम एक चपटी दुपदरी पटलिका तयार होते. ती वाटीसारखी खोल होत जाते आणि जवळच्या मालाभोवती कडा उचलून वर मिटते. मोदकाची पारी सारणावर मिटताना ज्याने पाहिली आहे त्यास हे निराळे समजावून सांगावयास नको. मिटलेली पिशवी लयकारिकेशी जाऊन मिळते; लयकारिकेतील एंझाइमे आतील प्रथिनांची ॲमिनो आम्ले करतात, मेदाची मेदाम्ले करतात, आणि हा सुटा माल पेशी पुन्हा कामास लावते. ‘भक्षण’ या शब्दाने नाशाचा जो ध्वनी उमटतो तो म्हणूनच अर्धाच खरा आहे. जुनी पितळी भांडी मोडीत घालून नवी घडवून घेण्याचा व्यवहार या प्रक्रियेस अधिक जवळचा आहे. स्नेह्यांना मी ‘मोड’ हा शब्द अर्ध्या थट्टेने सुचविलाही. तो त्यांनी अर्थातच घेतला नाही.

या यंत्रणेची जनुके कोणती, हे यकृतातून कळणे कठीण होते. ते काम यीस्ट या एकपेशी जिवाने केले. टोक्यो येथील योशिनोरी ओसुमी यांनी पाचक एंझाइमे बिघडलेले यीस्ट उपाशी ठेवले. तेव्हा गिळलेला माल पचेना आणि रिक्तिकेत साचून साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू लागला. हे निरीक्षण १९९२ साली प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये या प्रक्रियेस आवश्यक असलेल्या १५ जनुकांचा त्यांनी छडा लावला. इतर प्रयोगशाळांनीही तीच जनुके शोधली व प्रत्येकीने आपापले नाव ठेवले. एकाच जनुकाला तीन तीन नावे झाली. बोलींच्या सर्वेक्षणात एकाच भाजीची गावोगावची नावे गोळा करताना आमची जी गत होते तीच त्यांची झाली. अखेर २००३ साली सर्वांनी मिळून ‘एटीजी’ ही सामाईक खूण व पुढे क्रमांक अशी पद्धती स्वीकारली. ओसुमींना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या यंत्रणेच्या उलगड्यासाठी. उपासाने कर्करोग बरा होतो असे त्यांनी सिद्ध केलेले नाही.

उपासाचा संबंध मात्र खरा आहे. रक्तातील ॲमिनो आम्ले व इन्सुलिन ओसरली की पेशीतील ‘एमटॉर’ हे नियामक प्रथिन मंदावते आणि स्वभक्षणावरील लगाम सुटतो. (या नावातील शेवटचे अक्षर रापामायसिन या औषधाचे आहे. ते ईस्टर बेटाच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळाले, आणि त्या बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्याचे नामकरण झाले. १९७५ साली कॅनडात ते वेगळे करणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सेहगल हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ प्रमुख होते.) उपाशी उंदराच्या यकृतातील प्रथिनांचा फार मोठा हिस्सा दोन दिवसांत असा मोडीत निघतो. यकृत हे शरीराचे कोठार असल्यामुळे ते स्वतः झिजून इतर अवयवांस पुरवठा करते.

परंतु कर्करोगाच्या दृष्टीने उपासकालीन भक्षणापेक्षा पोट भरलेले असतानाही मंदपणे चालणारे रोजचे भक्षण अधिक महत्त्वाचे आहे. यकृताची पेशी दीर्घायुषी असते व विषारी द्रव्ये निकामी करण्याचे काम तिच्याकडेच असल्याने तिच्यातील यंत्रसामग्री लवकर बिघडते. बिघडलेल्या तंतुकणिकांतून प्राणवायूचे दाहक अंश झिरपतात आणि ते केंद्रकातील डीएनएस इजा करतात. अशा तंतुकणिका वेळीच गिळल्या गेल्या नाहीत तर इजांची भर पडत जाते. हा झाला एक मार्ग. दुसरा मार्ग अधिक आडवळणाचा आहे व त्यावर थोडे थांबणे अवश्य वाटते.

कोणता माल मोडीत काढावयाचा, हे पेशी सर्वस्वी दैवावर सोडीत नाही. टाकाऊ प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटविली जाते. ‘पी-६२’ नावाचे एक प्रथिन (त्याच्या नावातील आकडा निव्वळ वजनाचा आहे) एका हाताने ही खूण धरते व दुसऱ्या हाताने मिटणाऱ्या पारीचा आतला पदर धरते. म्हणजे ते कचऱ्याच्या टोपलीचे काम करते; फरक इतकाच, की कचऱ्याबरोबर टोपलीही भट्टीत जाते. स्वभक्षण सुरळीत असेल तर पेशीत टोपल्या कधीच फार साठत नाहीत. ते बंद पडले तर कचरा साठतो आणि टोपल्यांचा ढीग होतो. मद्यप्यांच्या यकृतपेशींत असे चिवट गोळे फ्रँक मॅलरी यांनी १९११ सालीच वर्णिले होते; त्या गोळ्यांत पी-६२ भरलेले असते हे कळावयास पुढे जवळजवळ एक शतक जावे लागले.

ढीग नुसता जागा अडवीत नाही. कोमात्सु व त्यांचे सहकारी यांनी २०१० साली दाखविले की साचलेले पी-६२ हे ‘कीप-१’ नावाच्या प्रथिनास पकडून ठेवते. कीप-१ चे नेहमीचे काम ‘एनआरएफ-२’ या तिसऱ्या प्रथिनास सतत नष्ट करवून आवरून धरण्याचे. पहारेकरी टोपल्यांत अडकला, की एनआरएफ-२ मोकळे सुटते, केंद्रकात शिरते आणि पेशीच्या संरक्षणाची सर्व जनुके एकदम जागी करते. निरोगी पेशीत संकटसमयी थोडा वेळ असे होणे हिताचेच असते. येथे मात्र ते अखंड चालू राहते, आणि तेही डीएनए जखमी झालेल्या पेशीत. ज्या पेशीने मरावे ती चिलखत घालून जगते व वाढते. संरक्षण तेच, ज्याचे होते तो बदलला.

प्राण्यांवरील प्रयोगांनी याला पुष्टी दिली आहे. बेथ लेव्हिन यांनी १९९९ मध्ये ‘बेक्लिन-१’ या स्वभक्षणाच्या जनुकाचा गाठीच्या वाढीस आळा घालण्याशी संबंध दाखविला होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र लेखांत, या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच शिल्लक ठेवलेल्या उंदरांना वयपरत्वे अधिक कर्करोग होतात व त्यांत यकृताचाही असतो, असे दिसून आले. २००५ साली कोमात्सु यांनी उंदराच्या केवळ यकृतातून एटीजी-७ काढून टाकले. यकृत बेसुमार फुगले आणि पेशी विकृत झाल्या. या मालिकेतील सर्वांत बोलका प्रयोग २०११ सालचा आहे. मिझुशिमा यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या सर्व अवयवांतील काही काही पेशींतून एटीजी-५ नष्ट करण्यात आले. गाठी झाल्या त्या फक्त यकृतात, आणि त्याही जनुक नष्ट झालेल्या पेशींतूनच. यकृतातून एटीजी-७ काढलेल्या उंदरांनाही तशाच गाठी झाल्या. त्यांच्यातून पी-६२ देखील काढून टाकले तेव्हा गाठी लहान राहिल्या. रोजच्या साफसफाईवर यकृताइतका अवलंबून असलेला अवयव शरीरात विरळा, असेच यावरून म्हणावे लागते.

पण याच प्रयोगात एक गोष्ट अशी निघाली की तिने साऱ्या विषयाला कलाटणी दिली. त्या गाठी सौम्य होत्या. त्या वाढल्या, संख्येने पुष्कळ झाल्या. परंतु त्यांतील एकही खऱ्या अर्थाने मारक झाली नाही वा दुसरीकडे पसरली नाही. स्वभक्षण गेल्याने गाठ सुरू झाली, आणि स्वभक्षण नसल्यानेच जणू ती पुढे जाऊ शकली नाही. मला हा निष्कर्ष प्रथम वाचताना छापण्यातील चूक वाटला होता.

चूक नव्हती. गाठ वाढू लागली की तिच्या आतील भागास रक्त पुरत नाही. तेथे प्राणवायूचा व अन्नाचा कायमचा दुष्काळ असतो. अशा दुष्काळात तगण्याचे साधन पेशीपाशी एकच, ते म्हणजे स्वतःचा जुना माल मोडीत काढून दिवस ढकलणे. निरोगी पेशी उपासाच्या दिवशी जे करते तेच कर्कपेशी रोज करते, आणि त्याच यंत्रणेने करते. येथे ‘भक्षणा’चा कर्ता कर्कपेशी झाली आहे व ‘स्व’ तिचा झाला आहे. शरीराच्या दृष्टीने जी परकी, ती स्वतःच्या दृष्टीने ‘आपण’च असते. व्याकरणात सर्वनाम कोणाचीही बाजू घेत नाही; ते कर्त्याच्या मागे जाते.

मामांच्या प्रश्नाचे उत्तर इतकेच आहे. शरीर नावाचा कोणी एक भक्षक रोगट पेशी वेचून खात हिंडत नाही. प्रत्येक पेशी आपल्या भिंतींच्या आत आपलेच खाते, व गाठीतील पेशीही आपलेच खाते, ते मरण्यासाठी नव्हे. रोगट पेशी ओळखून मारण्याचे काम रोगप्रतिकारक पेशींकडे असते. ती प्रक्रिया निराळी व तिला स्वभक्षण म्हणत नाहीत.

उंदराच्या प्रयोगावरून माणसाविषयी बोलताना मात्र जपून बोलले पाहिजे. एखादे जनुक मुळासकट उपटून टाकणे हा प्रयोगशाळेतील आडदांडपणा आहे. मानवी कर्करोगात ही यंत्रणा अशी समूळ तुटलेली क्वचितच आढळते. ती आढळते ती मंदावलेली, ओझ्याखाली वाकलेली किंवा दुसऱ्याने राबविलेली. २००९ साली राजत सिंग, चाया व क्वेर्वो यांच्या गटाने न्यूयॉर्क येथे दाखवून दिले की यकृतपेशी साठविलेल्या मेदाचे थेंबही याच वाटेने पचविते. मेदाचा भार फार वाढला की ही वाट उलट चोंदते. हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू तर स्वभक्षणाची पटले आपल्याच वाढीस जुंपतात. येथे पुन्हा कर्त्याचा प्रश्न उभा राहतो: विषाणूने चालविलेल्या भक्षणास ‘स्व’भक्षण म्हणावे काय? हा भार लहान नाही. २०२२ साली जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण व सुमारे ७ लाख ५८ हजार मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. बहुतेक रुग्णांत हे विषाणू, मद्य, मेदाधिक्य किंवा बुरशी लागलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिन यांपैकी कशाची तरी पार्श्वभूमी असते. यांपैकी हिपॅटायटिस बी विरुद्ध लस आहे, आणि तैवानमध्ये १९८४ पासून ती नवजात बालकांस देऊ लागल्यावर तेथील मुलांतील यकृत-कर्करोग स्पष्टपणे घटला.

औषधयोजनेची अडचण आता वाचकांच्या ध्यानी येईल. स्वभक्षण वाढवावे की थांबवावे? गाठ होण्यापूर्वी वाढविणे हितकर दिसते, झाल्यावर थांबविणे. हिवतापावरील क्लोरोक्विन व तिच्या वर्गातील औषधे लयकारिकेची आम्लता मोडतात व भक्षणाची अखेरची पायरी रोखतात; म्हणून ती इतर उपचारांच्या जोडीला देऊन पाहिली जात आहेत. सोराफेनिब हे २००७ मध्ये या रोगासाठी मान्य झालेले औषध कर्कपेशींत स्वभक्षण जागे करते, आणि त्या जोरावर काही पेशी औषध पचवून तगतात असे प्रयोगशाळेत दिसले आहे. उलट दिशेचा दाखला एव्हरोलिमसचा. ते रापामायसिनच्याच कुळातले. एमटॉर रोखून गाठीची वाढ थांबवावी या हेतूने सोराफेनिब निष्फळ ठरलेल्या ५४६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांचे आयुर्मान सरासरीने ७.६ महिने व न घेणाऱ्यांचे ७.३ महिने भरले, म्हणजे फरक जवळजवळ शून्य. एमटॉर रोखला की वाढ मंदावते, पण तोच लगाम सुटून भक्षणही वाढते. या अपयशात त्या दुसऱ्या परिणामाचा वाटा किती, हे त्या चाचणीवरून ठरविता येत नाही. मात्र एकाच कळीने दोन दारे उघडतात हे विसरून चालत नाही.

उपासवाद्यांनी ज्याचा विशेष विचार करावा असा एक प्रयोग २०१८ साली अमेरिकेत आयलीन व्हाइट यांच्या प्रयोगशाळेत झाला. त्यात गाठीच्या पेशींतील स्वभक्षण शाबूत ठेवून, ज्या उंदरांत त्या रुजविल्या त्यांच्या शरीरातील स्वभक्षण बंद केले. गाठींची वाढ खुंटली. कारण शोधता असे आढळले की स्वभक्षण नसलेल्या यकृतातून आर्जिनेज नावाचे एंझाइम रक्तात झिरपते, रक्तातील आर्जिनिन हे ॲमिनो आम्ल नष्ट करते, आणि ज्या गाठींना आर्जिनिन बाहेरून मिळविणे भाग असते त्या उपाशी राहतात. म्हणजे एरवी यकृताचे सुदृढ स्वभक्षणच त्या गाठींचा शिधा राखीत होते.

आणि सिरॉसिसच्या रोग्याची गोष्ट तर याहूनही साधी आहे. निरोगी यकृतात रात्रभर पुरेल इतका शर्करेचा साठा असतो. व्रणांनी भरलेल्या यकृतात तो नसतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिरॉसिसच्या रुग्णांची एका रात्रीच्या उपासानंतरची स्थिती निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी आढळली. साठा संपला की शरीर स्नायू तोडू लागते. म्हणून अशा रुग्णांस डॉक्टर दीर्घ उपासास मनाई करतात व झोपण्यापूर्वी काहीतरी खावयास सांगतात. मामांनी तीन दिवस जे गमावले ते स्नायूंतून गेले. गाठीला त्याची झळ लागल्याचे नंतरच्या तपासणीत दिसले नाही.

शब्दसूचीच्या प्रश्नाचा निकाल असा लागला. ‘आत्मभक्षण’ मी नाकारले, कारण ‘आत्म’ पूर्वपद असलेल्या ‘आत्मघात’, ‘आत्मनाश’ या शब्दांच्या सहवासाने ते मरणाकडे ओढले जाते, आणि ही प्रक्रिया बहुधा जगण्यासाठी असते. ‘स्वपचन’ अर्थाला जवळचे होते, पण मृत पेशी आपल्याच एंझाइमांनी विरघळते त्या वेगळ्या क्रियेस ते अधिक शोभते. ‘स्वभक्षण’ रूढ होत आहे, तेव्हा तेच राहू द्यावे. मात्र व्याख्येत कर्ता उघड सांगावा, आणि शक्य तेथे ‘पेशीस्वभक्षण’ असे लिहावे, असे मी सुचविले. भक्ष्य निश्चित असेल तेथे तर ‘स्व’ची गरजच नाही, ‘तंतुकणिकाभक्षण’, ‘मेदभक्षण’ हे शब्द पुरतात. स्नेह्यांनी ‘पेशीस्वभक्षण’ घेतला. ‘मेदभक्षण’ ऐकून विद्यार्थी हसतील अशी त्यांस शंका आहे व ती मला रास्त वाटते.

मामांची गाठ लहान असल्याने डॉक्टरांनी सुईवाटे उष्णता देऊन ती जाळली. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. एकादशी त्यांनी सोडलेली नाही. पण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी दोन वेळा होते, आणि रात्री निजण्यापूर्वी मामी त्यांच्यासमोर राजगिऱ्याचे दोन लाडू व पेलाभर दूध आणून ठेवतात. या लेखाचा खर्डा त्यांनी वाचला. ‘वाघाची शिकार’ त्यांना आवडली. बाकीचे फार लांबले आहे असे त्यांचे मत पडले.